सायकलीला कसला सिग्नल?

खंडू रोकडे लाल दिवा तोडून गेला, असं मंचरच्या चौकात जो तो सांगत होता. स्नेहाने ते ऐकलं तेव्हा तिला आधी वाटलं, ही माणसं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असणार.

तिचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सकाळी आठला अवसरी बुद्रुकहून सायकल काढायची, कॅरियरला हत्यारांची पत्र्याची पेटी बांधायची आणि पावणेनऊच्या सुमाराला मंचरच्या गल्लीतलं दुकान उघडायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी चौकात सिग्नल बसला. बायपास झाला होता, तरी गावातून जाणाऱ्या जुन्या हायवेची गर्दी काही हटली नव्हती. मोटारसायकलवाले मनात आलं तर थांबायचे. सायकलवाले दिव्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. खंडू मात्र पहिल्या दिवसापासून थांबले. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे एक पाय टेकून ते उभे राहायचे आणि मागून लोक हसायचे. "ओ मिस्त्री, सायकलीला कसला सिग्नल? ना लायसन, ना नंबर!"

एकदा स्नेहानेही विचारलं होतं, की पोलीस तुम्हाला काही म्हणत नाहीत, मग कशाला खोळंबता?

"दिवा गाडीसाठी न्हाई बसवला, चौकासाठी बसवलाय," ते म्हणाले होते. "चौकातून जाईल त्यानं थांबायचं. आन् बाय, कायद्यानं आपल्याला माणसांत बसवलं. त्यो मोडायला आपूनच म्होरं कशाला व्हायचं?"

अशा माणसाला डिसेंबरातल्या एका मंगळवारी त्याच चौकात कांद्याच्या पिकअपने उडवलं. उजवा पाय मांडीत मोडला, डोक्याला मार बसला. शेजारचे सोपान साळवे पाठोपाठ मोटारसायकलवर येत होते, त्यांनीच रिक्षा थांबवून खंडूंना दवाखान्यात आणलं. स्नेहा मंचरमध्येच एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. फोन आला तेव्हा तिच्या हातात कुणाची तरी सिरिंज होती. ती पोहोचली तेव्हा सोपानकाका बाकावर बसले होते. शर्टाची बाही रक्ताने कडक झाली होती आणि ते एकसारखे तीच बाही चोळत होते.

"काका, झालं कसं?"

"पिकअपवाल्यानं सिग्नल तोडला गं. मी एसटीच्या मागं व्हतो. डोळ्यानं पायलं. तुझा बाप थांबलेला, दिवा हिरवा झाला तसा निघाला, आन् हे बेनं नारायणगावकडून सुसाट आलं."

स्नेहाला मनातून बरंच वाटलं. बाबांना काय झालं ते डॉक्टर सांगतीलच, पण बाबा चुकले नव्हते.

तासाभराने हवालदार आले, तेव्हा तिने काकांच्या शब्दावर तक्रार दिली. पिकअप चालवणारा आदेश नावाचा पोरगा होता, वय चोवीस, राहणार पिंपरी पेंढार. निष्काळजीपणे गाडी चालवून जखमी केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. सही करताना हवालदारांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, चौकातला हॉटेलवाला गेणू वेगळंच सांगतोय. म्हणतो, सायकल लाल दिव्यात मधी आली."

"त्यांनी पाहिलं?"

"पाहिलं म्हणतो."

"सगळे सायकलवाले तोडतात म्हणून याही सायकलवाल्याने तोडला असणार, असं त्यांना वाटलं असेल."

हवालदारांनी कागद मिटले. चौकातल्या मोबाईलच्या दुकानावर कॅमेरा होता, पण तो दुकानाच्या शटरकडे तोंड करून होता. त्यात फक्त धावणाऱ्या माणसांचे पाय दिसत होते. कॅमेरा नेमका तिकडेच कसा, हाही प्रश्न स्नेहाच्या मनात आला आणि तिथेच राहिला.

खंडू दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. लेकीला ओळखलं, बायकोला ओळखलं, पाय कुठे गेला म्हणून विचारलं. चौकातलं मात्र काहीच आठवेना.

"ओढ्याचा पूल आठवतो," ते म्हणाले. "म्होरं कायच न्हाई. जसं कुणी पुसून घेतलंय."

डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या मारात असं होतं, आठवेलच असं नाही.

तिसऱ्या दिवशी आदेश दवाखान्यात आला. उंच, कातडी उन्हाने रापलेली, केस पोलिसासारखे बारीक कापलेले. हातात तीन शहाळी होती. दारातच उभा राहून म्हणाला, "बाबांना भेटू का?"

स्नेहाने त्याला आत येऊ दिलं नाही. तिची आई अंजना मात्र बाहेर येऊन त्याच्याशी बोलली आणि शहाळी घेऊन आत आली.

"रडत व्हता गं पोरगा," अंजना म्हणाली.

"रडायला काय लागतं, आई? गुन्हा दाखल झालाय, रडणारच."

शहाळी खिडकीत तशीच राहिली. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, मग एक दिवस सोडून पुन्हा. एकदा डाळिंबं, एकदा नुसताच. स्नेहाला त्याचं हे येणं खुपायला लागलं. ज्याची चूक नाही तो एवढ्या फेऱ्या कशाला मारेल? एकदा जिन्यातून उतरताना तो खाली फोनवर बोलत असलेला तिला ऐकू आला. पाठमोरा होता. "भरतीच्या आधी मिटवलं पाहिजे रे... पडताळणीत केस दिसली तर संपलंच... बघू, त्या मुलीशीच बोलतो."

ती जिन्यातच थांबली. मिटवायचंय. म्हणून शहाळी, म्हणून डाळिंबं. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला दिसतो आणि आपल्या बाबांचा पाय त्याच्या वाटेत आलाय. ती तशीच वर गेली आणि आईला म्हणाली, पुन्हा तो आला तर दार लावून घ्यायचं.

त्याच आठवड्यात तिने त्याला गेणूच्या हॉटेलात बसलेलं पाहिलं. गेणू त्याच्यासमोर चहा ठेवत होता आणि आदेश म्हणत होता, "मामा, साखर कमी टाका." मामा! स्कूटी चालवत पुढे जाताना तिच्या डोक्यात सगळं जुळलं. गेणू यांच्यातलाच. आपल्या पोराला वाचवायला खोटं बोलतोय. हवालदारही त्यांचंच ऐकणार. आणि मग कागदावर उरणार काय, तर अवसरीचा एक मिस्त्री सिग्नल न पाळता सायकल दामटत आला आणि स्वतःच्या पायाने मरायला टेकला.

घरी ती सोपानकाकांना हे सांगायची. काका रोज संध्याकाळी यायचे. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला होते, सुटले की थेट दवाखान्यात आणि पुढे खंडूंना घरी आणल्यावर थेट त्यांच्या खाटेपाशी. पलीकडच्या खुर्चीवर बसून पेपर वाचून दाखवायचे. पण स्नेहा चौकाचा विषय काढायची तेव्हा ते म्हणायचे, "जाऊ दे बाय. मी जबाब दिलाय न्हवं. आता कोर्ट बघंल." आणि पेपरचं पान उलटायचे.

गेणूचा जबाब खोटा पाडायचा तर चौक नीट बघायला हवा, असं स्नेहाने ठरवलं. लॅबमधून तिने सकाळची एक तासाची सवलत मागून घेतली आणि सव्वाआठ ते सव्वानऊ ती चौकात उभी राहायला लागली. अवसरीकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, बरोबर जिथे बाबा थांबायचे तिथे.

पहिल्या दिवशी तिने फक्त सायकली पाहिल्या. शाळेची पोरं, दूधवाला, बांधकामावरचे बिहारी मजूर, एक म्हातारा पोस्टमन. लाल दिव्यात एकही थांबला नाही. कुणी घंटी वाजवत घुसायचं, कुणी उतरून चालत चालत पलीकडे जायचं. एका पोराला तिने विचारलं, "थांबला का नाहीस?" तो म्हणाला, "सगळ्या गाड्या एकदम सुटल्या की आपण मधी सापडतो ना, ताई. आधी गेलेलं बरं." त्याच्या बोलण्यात काही चूक होती असं तिला म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की साडेआठच्या पुढे अवसरी रस्त्यावरून येणारी एसटी चौकात लाल दिव्याला उजव्या अंगाला लागते. डावीकडे भाजीवाल्यांच्या पाट्या असतात. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एका दुचाकीपुरती फट राहते. सायकलवाला त्या फटीत उभा राहिला तर त्याला उजवीकडून, म्हणजे नारायणगावकडून, येणारं काहीच दिसणार नाही. एसटी भिंतीसारखी आडवी.

ती एसटीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथून तिला एसटीचं मागचं दार दिसलं, धुळीत बोटाने काढलेली नावं दिसली. पट्टा दिसेना. सिग्नल दिसेना. हायवे तर अजिबात दिसेना.

मी एसटीच्या मागं व्हतो. डोळ्यानं पायलं.

तिने जागा बदलून पाहिली. डावीकडे सरकली, पंजांवर उभी राहिली. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, मरायचंय का?" तरीही काही दिसलं नाही.

एसटी निघून गेल्यावरही स्नेहा रस्त्याच्या कडेला उभी होती. काकांची काही गल्लत झाली असेल. त्या मंगळवारी एसटी उशिरा आली असेल. काका एसटीच्या मागे नाही, बाजूला असतील. पण बाजूला तर ती फट होती, आणि फटीत बाबा होते. मग काका बाबांच्या अगदी पाठीमागे उभे असतील. तसं असेल तर ते तसं का सांगत नाहीत?

तिसऱ्या दिवशी ती पाटीवाल्यांपैकी सगळ्यात पुढे बसणाऱ्या बाईपाशी गेली. मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारी ती गोजरबाई. साठीची, कपाळावर जुनं गोंदण. स्नेहाने दोन जुड्या घेतल्या आणि खाली बसली.

"मावशी, त्या मंगळवारी इथे अपघात झाला, तेव्हा तुम्ही होतात?"

गोजरबाईने पाणी शिंपडायचं थांबवलं. "तू कोन?"

"ज्यांना लागलं त्यांची मुलगी."

"मिस्त्रीची?" बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "वाचला न्हवं?"

"वाचले. पण त्यांना काही आठवत नाही. तुम्ही काय पाहिलंत?"

"मी रस्त्यावर बसनारी बाई. उद्या गाडी येऊन पाटी उचलून न्हेतील. मला कशाला इचारती?"

"आतापर्यंत कुणी विचारलं?"

"कुणीच न्हाई." तिने पुन्हा पाणी शिंपडायला घेतलं. मग जुड्यांकडेच बघत ती बोलली. "तुझा बाप थांबलेला, रोजच्यासारखा. हितं, माज्या पाटीला पाय लावून. मागं एक मोटारसायकलवाला. त्याला डावीकडं वळायचं व्हतं, पुन्याच्या अंगाला. तुझा बाप मधी. त्यो हॉर्नवर हॉर्न. तुझा बाप हलंना. मग त्यो वराडला, ‘अरं खंडू, सायकलीला कसला सिग्नल? व्हय की म्होरं, मला उशीर झालाय!’ तवा तुझ्या बापानं मागं वळून पायलं, हसला, आन् सायकल म्होरं घेतली. त्या एसटीच्या तोंडाशी आला आन्..." तिने हात आपटला नाही, नुसता उचलून खाली ठेवला.

"दिवा लाल होता?"

"आमचा लालच व्हता. त्या पोराचा हिरवा. पोरानं ब्रेक मारला, कांद्याच्या पिशव्या रस्त्यावर आल्या. त्याची काय चूक?"

"मोटारसायकलवाला कोण होता, मावशी?"

"ज्यानं रिक्षा थांबवली त्योच की."

स्नेहा तिथून उठली तेव्हा जुड्या तिथेच राहिल्या. गोजरबाईने हाक मारली तीही तिला ऐकू आली नाही.

त्या दिवशी लॅबमध्ये तिने दोन नमुन्यांवर चुकीचे नंबर लिहिले आणि पुन्हा पुसले. आता तिला गोजरबाईचाही संशय यायला लागला. आदेशने तर हिला गाठलं नसेल? पण बाईने ती कोण हे विचारूनच बोलायला सुरुवात केली होती. आणि "अरं खंडू" हे शब्द तिने कुठून आणले असते?

संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली. ते अंगणात मोटारसायकल पुसत होते. "ये बाय," म्हणाले. ती बसली नाही.

"काका, तुम्ही एसटीच्या मागे नव्हता."

फडकं थांबलं.

"तुम्ही बाबांच्या मागे होता. हॉर्न वाजवत होता."

सोपानकाकांनी घराच्या दाराकडे पाहिलं. आत कुणी ऐकतंय का ते बघत असावेत. मग ते अंगणातल्या दगडावर बसले. "कुणी सांगितलं?"

"खरं आहे का एवढंच सांगा."

"मी काय वाईट बोललो गं? रोज त्याला सगळं जग तेच म्हनतं. सगळ्या सायकली जात्यात. मला ड्युटीवर खाडा लागनार व्हता. म्या हॉर्न दिला. मला काय म्हाईत पिकअप येतीय?"

"मग खोटं का बोललात?"

"पैल्यांदा घाबरलो. खरंच घाबरलो. मग दवाखान्यात तू आलीस, तुझं तोंड पायलं, आन् वाटलं, खंडू सिग्नल तोडून गेला असं कागदावर आलं तर त्याला काय वाटंल? त्यो थांबनारा मानूस. त्याला थांबनारा म्हणूनच ऱ्हाऊ द्यावं. म्हनून बोललो."

स्नेहाला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. तेवढ्यात तिच्या मनात आलं, हे वाक्य त्यांनी आत्ताच बनवलंय की गेल्या तीन आठवड्यांत? खरं असेलही. पण त्या खऱ्यामागे ते स्वतः किती छान लपले होते!

"आणि त्या पोराचं काय?" ती म्हणाली. "तुमच्या जबाबावर मी तक्रार दिली."

काकांनी पुन्हा फडकं उचललं. ती निघाली तेव्हा ते मागून म्हणाले, "खंडूला सांगू नको."

तिने दोन दिवस खरंच सांगितलं नाही. काका त्या दोन दिवसांत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी खंडूंनीच विचारलं, "सोपान कुठं गेला? आजारी हाय का?" तेव्हा मात्र स्नेहाला राहवलं नाही. खाटेच्या कडेला बसून तिने सगळं सांगितलं. अंजना दारात पीठ मळता मळता थांबली.

खंडू ऐकत राहिले. प्लास्टरमधला पाय, छताकडे लागलेले डोळे. ती थांबल्यावर म्हणाले, "म्हंजी मी गेलो."

"तुम्हाला घालवलं, बाबा."

"हॉर्न दिला त्यानं. हॉर्नानं पायडल फिरत न्हाई." मग विचारलं, "हसलो व्हतो का म्हनं मी?"

"गोजरबाई म्हणाली."

"मंग मी सोपानचं ऐकलं. दोन वर्षं कुणाचं न्हाई ऐकलं, त्याचं ऐकलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानाकडे उतरलं. पुसायला हात वर केला नाही. "आपलाच मानूस म्हनाला की बरं वाटतं ना. तसं झालं असंल."

अंजना म्हणाली, "आता जाऊ द्या. पाय बरा व्हनं म्हत्त्वाचं."

"जाऊ कसं देऊ? त्या पोरावर केस हाय ना? भरतीला बसलाय म्हनली व्हतीस." ते स्नेहाकडे वळले. "मला आठवत न्हाई, म्हनून मला काय सांगता येनार न्हाई. ज्यांना आठवतंय त्यांनी जाऊन सांगायचं. आधी सोपानला हिकडं धाड."

सोपानकाका आले ते मान खाली घालूनच. खंडूंनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. "हॉर्नचा राग न्हाई रं," ते म्हणाले. "मी तुझ्याजागी असतो तर मीबी वाजवला असता. पर मी हितं पडलोय, मला कायच म्हाईत न्हाई, आन् तू रोज माज्याजवळ बसून पेपर वाचत व्हतास. त्याचा राग हाय. उद्या जाऊन जबाब बदल."

"मला आत टाकतील, खंडू."

"टाकतील तर टाकतील. म्या डबा आनीन. कुबड्या घेऊन आनीन."

दुसऱ्या दिवशी स्नेहा, सोपानकाका आणि गोजरबाई पोलीस स्टेशनला गेले. गोजरबाई आधी तयारच नव्हती. पाटी कुणी बघायची? मग अंजना स्वतः चौकात तिच्या जागेवर जाऊन बसली आणि तीन तास मेथीच्या जुड्या विकत राहिली. तिकडे हवालदार तिघांचे पुरवणी जबाब लिहून घेताना पुन्हा पुन्हा थांबत होते.

"ताई, तक्रार तुम्हीच दिली होती. आता तुम्हीच म्हणताय चूक तुमच्या वडिलांची."

"हो."

"नीट विचार केलाय का? कुणी दबाव तर नाही ना आणला? त्या पोराकडच्यांनी?"

स्नेहाच्या तोंडून हसू फुटलं, ते तिचं तिलाच विचित्र वाटलं. महिनाभर ती ज्याची वाट बघत होती तो प्रश्न आता कुणीतरी विचारला होता. "नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही."

सोपानकाकांना हवालदारांनी खोट्या जबाबाबद्दल खूप सुनावलं, पुन्हा हजर राहायला सांगितलं आणि सोडून दिलं. बाहेर आल्यावर काका स्नेहाकडे न बघता मोटारसायकलकडे चालत गेले.

त्या रविवारी ती स्कूटीवर पिंपरी पेंढारला गेली. फोनवर सांगता आलं असतं, पण तिला ते पळपुटेपणाचं वाटलं. घर मळ्यात होतं. दार आदेशची बहीण हर्षाली हिने उघडलं आणि नाव ऐकल्यावर क्षणभर उंबऱ्यातच उभी राहिली. मग आत हाक मारली. आदेश बाहेर आला, ओट्यावर बसला, तिला बस म्हणाला नाही. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, पोलिसांत काय लिहून दिलं.

"हॉटेलवाले गेणू तुमचे मामा आहेत, असं मी समजले होते," हेही ती शेवटी बोलून गेली.

"मी सगळ्यांनाच मामा म्हणतो, ताई. चहा द्यायला जो असेल त्याला." तो हसला नाही. "दवाखान्यात मी केस मिटवायलाच येत होतो, हेही खरं आहे. खोटं कशाला बोलू? पण फक्त त्यासाठी नाही."

"मला माफ करा."

"तुम्हाला एक सांगू का? पहिल्या दिवशी मला पक्कं माहीत होतं, की दिवा हिरवा होता. पण मग तुमचे काका बोलले, तुम्ही बोललात, पोलिसांनी चार वेळा विचारलं. पंधरा दिवसांनी मलाच वाटायला लागलं, लालच असेल. मी भरतीसाठी पळायला जायचो तेव्हा तेच डोक्यात, मग पळणंच सुटलं. लाल होता का? मी बघितलंच नाही का? एकदा मी गाडी तिकडे नेऊन तशीच चौकातून आणून बघितली." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आता तुम्ही सांगताय हिरवा होता. आता ह्यावर तरी कसा विश्वास ठेवू?"

हर्षालीने पाणी आणून दिलं, ते पिऊन ती निघाली.

केसचा अहवाल जानेवारीत वर गेला आणि आदेशचं नाव त्यातून सुटलं. पडताळणीला काही अडलं नाही. खंडू मार्चमध्ये काठी घेऊन चालायला लागले. जूनपासून दुकानात यायला लागले, आधी रिक्षाने, मग एक दिवस कुणालाही न सांगता सायकलवर. सोपानकाका पुन्हा येतात, पण पेपर आणत नाहीत. दोघं टीव्ही बघतात आणि मध्ये फारसं बोलणं होत नाही.

भरतीचा निकाल लागला त्या संध्याकाळी स्नेहाला हर्षालीचा मेसेज आला. "दादाचं ग्राउंड कमी पडलं. धावण्यात सहा मार्कांनी गेलं." एवढंच. त्यात दोष नव्हता, राग नव्हता, की होता? तिने ते वाक्य कितीदा तरी वाचलं. उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी "पुढच्या वर्षी नक्की" एवढंच पाठवलं.

खंडू ओट्यावर एका मशीनच्या शटलमधला अडकलेला दोरा चिमट्याने काढत होते. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि मेसेज दाखवला.

"बाबा, त्याची ती तीन आठवड्यांची प्रॅक्टिस मोडली नसती तर झाला असता का?"

खंडूंनी चष्मा कपाळावर सारला. नाही, असं ते म्हणाले नाहीत. "सांगता यायचं न्हाई," ते म्हणाले आणि पुन्हा दोऱ्याकडे वळले.